दोन्ही बाजूंनी सुलटी

पैठणी पाहायची तर आधी पदराची पाठ पाहावी. दुकानात गादीवर बसलेला माणूस सराईतपणे पदर हातावर टाकतो, मोर दिव्याकडे वळवतो, जरीवर उजेड खेळवतो. ते सगळं नंतर सावकाश पाहता येतं. आधी पदर आपल्या हातात घ्यावा, उलटा करावा आणि नक्षीवरून बोट फिरवावं. बोटाला एकही धागा अडकला नाही आणि उलटी बाजूही सुलटीच दिसली, फक्त मोराचं तोंड दुसऱ्या दिशेला वळलं, तर तो पदर माणसाच्या बोटांनी विणलेला आहे. पैठणीचं सौंदर्य, तिची किंमत, तिला लागणारा वेळ आणि आज तिचं काय करावं हा प्रश्न, सगळं या एका गुणातून निघतं.

आमच्या शिरोळ तालुक्यात मागाचा आवाज कुणाला नवा नाही. शेजारच्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांच्या त्या संस्थानात पुढे मागांचं शहरच उभं राहिलं, आणि आमच्या बाजूच्या कित्येक गावांतही ती खटखट पोचली. त्यामुळे धोटा कसा पळतो हे इथल्या पोरासोरांना ठाऊक असतं. या काठापासून त्या काठापर्यंत, मध्ये कुठे न थांबता, आणि पुन्हा उलट. कापड म्हणजे उभा ताणा आणि त्यातून आरपार जाणारा आडवा बाणा, हे आमच्या डोळ्यांत इतकं बसलेलं असतं की पैठणीच्या पदरासमोर आम्ही थबकतो. तिथे आरपार जाणारा धागाच नसतो.

हे नीट समजून घ्यायला हवं. पदरात जमीन जरीची आणि नक्षी रेशमाची. विणकर जरीचा बाणा डावीकडून आणतो, पण तो पानाच्या कडेपर्यंतच. तिथे जर वळते आणि माघारी फिरते. पानाचा हिरवा धागा त्याच्या स्वतःच्या छोट्या तिल्लीवर असतो. तो त्या कडेला जरीत गुंततो, पानाच्या रुंदीइतकाच जातो आणि पलीकडच्या कडेला पुन्हा जरीत गुंतून परत येतो. मग जरीचा पुढचा तुकडा, त्याची तिल्ली वेगळी. मग फुलाचा गुलाबी, केसराचा पिवळा, देठाचा गर्द हिरवा. एका आडव्या ओळीत डझनांनी तिल्ल्या लोंबत असतात आणि प्रत्येक ओळीला प्रत्येक तिल्ली हाताने फिरवावी लागते. ती ओळ फणीने ठोकली की कापड केसभर वाढतं.

म्हणजे इथे आधी कापड आणि मग त्यावर नक्षी, असा क्रमच नाही. पान काढून टाकलं तर पानाच्या जागी भोक उरेल. साडीवर बुट्टी उठवण्याच्या इतर बहुतेक पद्धतींत खाली पूर्ण कापड असतं आणि नक्षीचा जादा धागा त्यावर खेळतो. नक्षी संपली की तो बऱ्याचदा मागच्या बाजूने मोकळा धावत पुढच्या बुट्टीपर्यंत जातो. पैठणीत पाठीमागे पळायला धाग्याला वाटच नाही. जिथे दिसायचं तिथेच असायचं आणि तिथेच संपायचं.

आमच्या घरात आज्जीचं एक पैठणीचं लुगडं आहे, नऊवारी. अंगाचा रंग पोपटी, येवल्या-पैठणची माणसं ज्याला राघू म्हणतात तो. काठ नारळी, पदरावर असावली, म्हणजे फुलांची वेल, आणि वेलीच्या खाली-वर मुनियांच्या रांगा. मुनिया म्हणजे पैठणीतले ते छोटे पोपट. हे लुगडं मी पुन्हापुन्हा उलगडून पाहिलं आहे आणि त्यातलं पुष्कळसं मला उशिरा दिसत गेलं.

आधी वेल. वेल वळते, पण ताण्याबाण्याला वळता येत नाही. त्यांना उभं आणि आडवं एवढंच ठाऊक. म्हणून असावलीचं प्रत्येक वळण पायऱ्यांचं असतं. एका ओळीला दोन धागे डावीकडे सरकायचं, पुढच्या ओळीला पुन्हा दोन, मग एक, मग काही ओळी जागच्या जागी उभं राहायचं, मग उजवीकडे एक. कुठल्या ओळीला किती धागे सरकायचं या हिशेबातच वेलीची लय आहे. तालुक्यातल्याच खिद्रापूरला कोपेश्वराच्या मंदिरात दगडातली वेलबुट्टी पाहिली की हा फरक फार स्पष्ट होतो. पाथरवटाची छिन्नी गोल फिरू शकते, विणकराचा हात फिरू शकत नाही. तरी चार हात लांबून आज्जीच्या पदरावरची वेल डुलताना दिसते. जवळ गेलं की पायऱ्या, लांब गेलं की डोल. या दोन अंतरांमध्ये मागे-पुढे होत राहणं हाच पैठणी पाहण्याचा खरा आनंद आहे.  

मग मुनिया. एका रांगेतल्या सगळ्या मुनिया सारख्या वाटतात, पण त्या सारख्या नाहीत. प्रत्येकीची मान विणकराने नव्याने मोजली आहे. एकीची चोच एका धाग्याने आखूड, दुसरीची शेपटी एका ओळीने लांब. डोळ्याला लाल रेशमाचा एक ठिपका, जेमतेम दोन-तीन धाग्यांएवढा. तेवढ्यासाठी वेगळी तिल्ली आणायची, गुंतवायची, तोडायची. तो ठिपका नसता तर ते पोपटाच्या आकाराचे हिरवे डाग राहिले असते. यंत्रमागाची पैठणी पहिल्या पोपटापासून शेवटच्यापर्यंत एकच पोपट छापल्यासारखा देते आणि दहा पोपटांनंतर नजर पुढे सरकून जाते. इथे ती अडते. रांगेतल्या प्रत्येक पोपटाकडे वेगळं पाहावं लागतं.

आणि जर. या लुगड्यात जर एकच आहे, पण सोनी दोन दिसतात. बराच काळ मला हे जुनेपणामुळे वाटायचं. कारण वेगळं आहे. अंगाचा ताणा हिरवा आणि बाणा पिवळा, म्हणून तर तो पोपटी अंगभर स्थिर नसतो, निरीच्या घडीत हिरवा होतो आणि गुडघ्याच्या वळणावर पिवळा. हाच हिरवा ताणा पुढे पदरात जातो. तिथे जरीच्या दोन ओळींमधून तो बारीक ठिपक्यांनी डोकावत राहतो, आणि पदराचं सोनं जरा थंड, लिंबाच्या सालीकडे झुकलेलं दिसतं. काठाचा ताणा मात्र वेगळा, लाल. त्यामुळे काठाचं सोनं तांबूस, तापलेलं. काठ आणि पदर जिथे भेटतात त्या कोपऱ्यात ही दोन सोनी शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. हा कोपरा कुणी मुद्दाम दाखवत नाही. तिथेच मला या कलेची सगळ्यात मोठी समज दिसते. किमतीची वस्तू नुसती भरून टाकायची नाही, तिच्याखाली काय ठेवायचं ते ठरवायचं.

आमच्या भागातल्या बाईचं रोजचं आणि सणाचं लुगडं खरं म्हणजे इरकल. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं ते कापड कृष्णेच्या दोन्ही काठांवर सारख्याच मायेने नेसलं जातं. इरकलीत लाल पदराचा ताणा वेगळा असतो आणि अंगाचा वेगळा. विणकर दोन्ही ताण्यांचे फासे एकमेकांत अडकवून त्यांना जोडतो. म्हणजे इरकलीतला जोड ताण्यात असतो, उभ्या धाग्यांत, आणि एकदाच. पैठणीतला जोड बाण्यात, आडव्या धाग्यांत, आणि प्रत्येक ओळीला कितीतरी ठिकाणी. ही दोन लुगडी एका मांडीवर घेऊन बसलं की दोन विणकरांनी एकच प्रश्न दोन अंगांनी सोडवलेला दिसतो: वेगळ्या रंगाचे धागे एकमेकांना धरून कसे ठेवायचे.

हाच प्रश्न चीनमध्येही सोडवला गेला. तिथल्या रेशमी कापडांचं नाव निघालं की जगाला आठवतं ते नानजिंगचं युन्जिन, बादशहांच्या पोशाखांचं भरजरी कापड. त्याचा माग माणसाच्या दुप्पट उंचीचा. त्याला दोन विणकर लागतात. एक वर बसतो आणि नक्षीप्रमाणे ताण्याच्या दोऱ्या उचलतो, दुसरा खाली बसून बाणा टाकतो. नक्षी आधीच दोऱ्यांच्या गाठीत बांधून ठेवलेली असते, मागाच्या अंगावरच तिची स्मृती असते. दिवसभर दोघांनी राबून कापड वाढतं ते बोटांच्या हिशेबात. बाण्यात सोन्याचा धागा असतोच, मोरपिसाच्या तंतूंनी वळलेला धागाही असतो. वानली या मिंग बादशहाची कबर 1950 च्या दशकात उघडली गेली, तिच्यात सापडलेल्या वस्त्रांवरून नानजिंगच्या विणकरांनी पुढे प्रतिकृती विणल्या. 2009 साली युनेस्कोने ही विणकामाची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आज तिथे गळपट्टे, टाय, चौकटीत लावायची चित्रं, समारंभाचे अंगरखे अशा रूपांत ते कापड विकलं जातं.

पण पैठणीची खरी चिनी बहीण युन्जिन नव्हे. ती आहे केसी. केसीत ताणा सलग आणि बाणा तुटक, प्रत्येक रंगाला आपला छोटा होडीसारखा धोटा, कापड दोन्हीकडून सारखं. अगदी आपल्या पदराचीच रीत. सुंग काळात या रीतीने चित्रंच्या चित्रं विणली गेली, आणि झू केरोउ या विणकर बाईचं नाव तिच्या विणलेल्या फुलांमुळे आजही घेतलं जातं. फरक फार सूक्ष्म आहे आणि म्हणूनच सांगण्यासारखा. केसीत दोन रंग उभ्या कडेला भेटले की ते एकमेकांत गुंतत नाहीत, प्रत्येक रंग आपल्या कडेवरून माघारी फिरतो आणि मध्ये बारीक चीर राहते. उजेडासमोर धरलं की त्या चिरांतून प्रकाश येतो, जणू आकृत्या कात्रीने कापून बसवल्या आहेत. चिनी विणकराला ती धारदार कड हवी होती, कारण त्याच्यासमोर शाईने काढलेल्या चित्राची रेघ होती. आपल्या विणकराने धागा धाग्यात अडकवला. त्यामुळे कड किंचित दातेरी होते आणि रेघेची धार जाते, पण कापड अखंड राहतं. ते भिंतीवर टांगायचं नव्हतं, खांद्यावर घ्यायचं होतं, खोचायचं होतं, मूल कडेवर असताना ओढलं जायचं होतं. माझ्या नजरेत ही आपल्या विणकराने केलेली निवड आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते.

पैठणीच्या इतिहासाबद्दल दुकानांच्या पाट्यांवर 2000 वर्षं असं लिहिलेलं असतं. सातवाहनांचं प्रतिष्ठान, म्हणजे जुनं पैठण, केवढं मोठं होतं याबद्दल शंका नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या वृत्तांतात पैठणहून गाड्या भरून भडोचला माल जाई असं आहे, पण त्यात पैठणच्या नावावर मौल्यवान खडे आहेत, रेशीम नाही. आपल्याला जी पैठणी माहीत आहे तिची वेल आणि तिचे फुलांचे नमुने मोगल काळाशी नातं सांगतात. पेशव्यांच्या घराण्याने तिला मान दिला, निजामाच्या राज्यात तिला आश्रय मिळाला, आणि दरम्यान येवल्याने पैठणचं काम उचललं. येवल्यात रघोजी नाईकांनी विणकर आणून वसवल्याची आठवण सांगतात. आज मागांची संख्या आणि बाजार पाहिला तर पैठणीचं घर येवलाच. वंशावळ लांब नेल्याने पदर जास्त सुंदर होत नाही. तो आहे तसाच पुरेसा आहे.

आता आजच्या वापराचं. येवल्याच्या कितीतरी मागांवर काठाची नक्षी पुठ्ठ्यांवर चालते, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ धागे उचलते. फ्रान्समध्ये जाकारने 1804 च्या सुमाराला सिद्ध केलेलीच ही रीत. पदर मात्र हाताने. मला यात काही वावगं वाटत नाही. रेशीम बंगळूरकडून, जर सुरतेहून येते, आणि चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली जर घेणारं गिऱ्हाईक थोडं. खाली बाजारात सेमी पैठणी आहे, यंत्रावरची, पाठीमागे धाग्यांचं जंगल आणि ते झाकायला जाळीचं कापड. टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने 2004 पासून घराघरातल्या वहिनींच्या हातात पैठणी दिली, आणि जिच्या माहेरी-सासरी कधी पैठणी नव्हती तिलाही ती आपली वाटू लागली. ही गोष्ट मी फार मोठी मानतो. स्वस्त पैठणी नेसून आनंदाने मिरवणाऱ्या बाईला पाठीमागचे धागे दाखवू नयेत. विकणाऱ्याने मात्र हातमागाचं म्हणून यंत्राचं गळ्यात मारू नये. येवल्याच्या विणकराचं पोट त्या फरकावर आहे.

प्रश्न येतो तो कात्रीचा. पैठणीची जाकिटं, पर्स, उशांचे अभ्रे, घागरे, मोबाइलच्या पिशव्या, सगळं निघालं आहे. त्याला सरसकट नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. कुठलं कापड कापावं आणि कुठलं नाही हे ते कसं विणलंय यावरून ठरतं. आमच्याकडे ओटी भरतात ती खणानारळाची. गुळेदगुड्डचा तो खण, बारीक नक्षीचा, दोन्ही कडांना काठ असलेला, मुळात चोळीसाठीच विणलेला. त्याचा जन्म कात्रीसाठी झाला. आज त्याच्या साड्या झाल्या, वह्यांची वेष्टणं झाली, दिवाळीचे आकाशकंदील झाले, आणि प्रत्येक रूपात तो शोभतो. नवरात्रात तिरुपतीहून कोल्हापूरच्या अंबाबाईला येतो तो शालू. शालूला पाठ असते, दर्शनी बाजू एकच. युन्जिनचंही तसंच. अशा कापडाला अस्तर लावलं, चौकटीत बसवलं, अंगरखा शिवला, तरी त्याचं काही हिरावून घेतलं जात नाही. झाकलेली बाजू झाकण्यासाठीच होती.

पैठणीच्या पदराला अस्तर लावलं की तिचं निम्मं काम मातीत जातं. विणकराने प्रत्येक ओळीला तिल्ली वळवून जी दुसरी बाजू राखली ती कायमची बुजते. म्हणून जाकिटासाठी काठ वापरावा, अंगातली बुट्टी वापरावी, पुठ्ठ्यावरचा नवा ब्रोकेट वापरावा, तो सुंदर असतो आणि शिवण सोसतो. हाताने विणलेला पदर मोकळा राहावा. शेला, उपरणं, ओढणी ही त्याची आजची योग्य रूपं आहेत, जिथे कापड वाऱ्यावर उलटतं आणि उलटलं तरी चुकत नाही. आणि एक वापर असा आहे की तो या विणीसाठीच असावा: अंतरपाट. अलीकडे आमच्या भागातल्या लग्नांत भरतकामाचे, मोती लावलेले अंतरपाट दिसतात. त्यांची चांगली बाजू एकीकडे, आणि दुसरीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मंगलाष्टकं संपेपर्यंत गाठी आणि दोरे. असावलीचा अंतरपाट धरला तर नवरीसमोर वेल उजवीकडे वळेल, नवऱ्यासमोर डावीकडे, आणि पाठ कुणाच्याच वाट्याला येणार नाही. मंगलाष्टकं झाली की तोच तुकडा शेला म्हणून खांद्यावर घेता येईल.

जुनी पैठणी सांभाळणं हे वेगळंच काम. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा घरातून बाहेर पडण्याआधी आज्जीचं लुगडं माळ्यावर गेलं होतं, धान्याच्या आधी. पाण्याने रेशमाचा रंग फुटतो, जर काळी पडते. पूर नसला तरी घड्या आहेतच. पैठणी जिथे वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडलेली राहते तिथे ती चिरते. म्हणून मऊ सुती कापडात गुंडाळायची, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू द्यायच्या नाहीत, अधूनमधून उलगडायची आणि घडीची जागा बदलायची. एवढं करूनही अंगाचं रेशीम आधी जातं. काठ-पदराच्या जरीचं वजन त्या बारीक रेशमाला ओढत असतं. आज्जीच्या लुगड्याचं तेच झालं. पदर आजही ताठ, मुनियांचे डोळे लाल, काठ शाबूत, आणि अंग निऱ्यांच्या जागी धुरकट जाळीसारखं विरलेलं.

अशा वेळी जुना पदर आणि काठ उतरवून नव्या अंगाला जोडतात. हे काम जाणणारा माणूस हवा. पदर कापताना वेलीच्या अगदी कडेला कात्री लावायची नाही, पदराआधीचं अंगाचं बोटभर कापड पदरालाच ठेवायचं, म्हणजे शिवण जरीत न येता रेशमात येते. आम्ही नवं अंग विणून घ्यायचं ठरवलं आहे. पोपटी रंगाचं रेशीम घेऊन विणलं तर काम लवकर होईल असं आम्हाला सुचवलं गेलं, आणि तो पोपटी नमुन्याशी तंतोतंत जुळतही होता. पण तो कुठेच हलत नाही, निरीतही तोच आणि उजेडातही तोच. तेव्हा ताणा हिरवा आणि बाणा पिवळा असंच सांगितलं आहे, हिरवा पदरातल्या ठिपक्यांशी जुळवून. दोन्ही उलटे घातले तर लांबून रंग तोच दिसेल, पण घडीतली हिरवी झाक जाऊन तिथे पिवळी येईल आणि पदराच्या थंड सोन्याशेजारी ती उष्ण वाटेल. रेशमाचे नमुने आले आहेत. त्यातला गर्द हिरवा बाजूला ठेवला आहे, पिवळा अजून एक छटा फिका हवा.